साताऱ्याजवळ बोटिंग करायचं तर आधी महिना बघा

मालवण लांब पडतं, म्हणून मेच्या सुट्टीत साताऱ्याच्या आसपास बोट भाड्यानं घेऊन एक दिवस काढता येईल का, सोबत सत्तरीची आई आणि दोन मुलं आहेत, असं तुम्ही विचारलंय.

येईल की. फक्त जमलं तर मे टाळा. बामणोली आणि तापोळ्याला जे पाणी दिसतं ते कोयना धरणाचं, म्हणजे शिवसागर. धरण पार तिकडे पाटण तालुक्यात, पण फुगवटा पन्नासेक किलोमीटर मागे आलाय. दिवाळीच्या सुमारास पाणी धक्क्याला टेकलेलं असतं. मेमध्ये ते इतकं खाली जातं की बोटीपर्यंत भेगाळलेल्या गाळातून चालत जावं लागतं. वरून गाळ सुकलेला दिसतो, आत लोणी. माझ्या सासूबाईंची एक चप्पल अजून तिथंच आहे. उरलेली एक घेऊन त्या घरापर्यंत आल्या, आणि आजही त्या सहलीचा विषय निघाला की माझ्याकडेच बघतात.

बामणोली साताऱ्याहून कासमार्गे पस्तीसेक किलोमीटर. (कासच्या तलावात बोट शोधू नका, ते साताऱ्याचं प्यायचं पाणी आहे.) बोट क्लबच्या खिडकीवर पैसे भरायचे. भाडं माणशी नाही, अख्ख्या बोटीचं असतं. त्यामुळं चौघंच गेलात तर दहाजणांचे पैसे तुम्हीच भरता. आम्ही पहिल्यांदा तसेच भरले. मग शहाणपण आलं: धक्क्यावर दुसरं एखादं कुटुंब दिसलं की सरळ विचारायचं, "संगमाला येताय का, निम्मं-निम्मं?" लोक येतात. कुठं जाणार, किती वेळ थांबणार, हे मात्र बोट सुटायच्या आधी ठरवा.

आईंना घेऊन वासोटा किल्ल्याच्या फंदात पडू नका. बोटीनं तास-दीड तास, वन खात्याची परवानगी, पुढं घनदाट जंगलातली खडी चढण, आणि अंधाराच्या आत परत बोटीत. तुम्हाला त्रिवेणी संगमाची फेरी पुरे. सकाळी नऊच्या आत निघा. दुपारनंतर वारा सुटतो, पाणी चोपायला लागतं, आणि इंजिनाच्या आवाजात बोलणंही ऐकू येत नाही. लाइफ जॅकेट नुसतं अंगावर टाकू नका, पट्टे ओढून बांधायला लावा. मुलांच्या मापाचं आहे का, ते आधी बघा. नसेल तर दुसरी बोट.

मुलांना जेट स्की वगैरे पाहिजे असेल तर याच पाण्याकाठचं मुनावळे गाव. तिथं २०२४ मध्ये सरकारी जलपर्यटन केंद्र सुरू झालंय. प्रवाळ, रंगीत मासे मात्र तारकर्लीलाच, इथं पाण्याखाली बुडालेली शेतं आहेत. बोट चालवणाऱ्यांपैकी कुणी मोकळा झाला तर विचारा, घरातल्यांकडून ऐकलेलं, आता बुडालेलं जुनं गाव कुठं होतं ते हात करून दाखवतात. पलीकडच्या गावांना ही लाँच म्हणजे सहल नाहीच, बाजार आणि दवाखाना गाठायची ती वाट. तापोळ्याला तराफ्यावर जीप चढताना बघा, मुलं तिथंच रमतील.

मेच धरलात आणि चालण्याचा त्रास नको असेल, तर महाबळेश्वरचा वेण्णा लेक. गर्दी भयंकर, पण वल्ह्यांची, पायडलची बोट मिळते आणि काठावर कणीसही.

बामणोलीत जेवणाचं बोटीत बसायच्या आधीच सांगून ठेवा. परत आल्यावर सांगितलंत तर भाकरी थापायला तिथून सुरुवात होते, आणि मुलं तोवर चिप्सवर पोट भरून बसलेली असतात.