आधी मार्ग, मग तिकीट
प्रवासाचे कागद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, डिसेंबरमध्ये आम्ही चौघं निघणार आहोत. मी, नवरा, ८ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांचे सासरे. आधी केनिया, तिथून दक्षिण आफ्रिका आणि मग घर. २०२१च्या नोव्हेंबरअखेर ओमायक्रॉन आला, एकेका देशानं दारं लावली आणि आमची ठरलेली सहल बुडाली. तेव्हापासून तिकीट काढायला हात धजत नाही. आता कुणी म्हणतं यलो फीवरची लस लागते, कुणी म्हणतं लागत नाही. नवऱ्यानं ती २००९ साली घेतली होती, पण लसीच्या दाखल्याच्या पुस्तिकेवर मुदत २०१९पर्यंतच आहे. सासऱ्यांना ही लस देऊ नये, असं त्यांच्या डॉक्टरांचं मत आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : लागते म्हणणारेही बरोबर आहेत आणि लागत नाही म्हणणारेही. घोळ होतो तो प्रश्न अर्धाच विचारल्यामुळे. 'अमुक देशात जाताना लसीचा दाखला लागतो का?' एवढंच सगळे विचारतात. तो देश मात्र आधी बघतो ते तुम्ही कुठून येताय.

यलो फीवर, म्हणजे पीतज्वर, डासांमुळे पसरतो. तो आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिकेच्या काही भागांतच आहे. पण तो पसरवणारा एडिस डास जगात इतरत्रही भरपूर आहे, म्हणून बाकीच्या देशांना धास्ती असते ती कुणी हा रोग अंगात घेऊन येण्याची. केनिया धोक्याच्या देशांच्या यादीत आहे, दक्षिण आफ्रिका नाही. त्यामुळे केनियाहून उतरणाऱ्या १ वर्षावरील प्रत्येकाकडे दक्षिण आफ्रिका दाखला मागते. हेच दोन देश उलट क्रमानं केलेत, आधी दक्षिण आफ्रिका आणि मग केनिया, तर तिथला हा प्रश्नच मिटतो. उरतो घरचा विमानतळ. परत येणं हाही त्या देशात प्रवेशच असतो, हे लोक हमखास विसरतात. कितीतरी देश स्वतःच्या नागरिकांनाही सोडत नाहीत. धोक्याच्या देशातून आलात आणि दाखला नसेल, तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

मधला हॉल्टही मोजा. धोक्याच्या देशातल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात, तर बरेच देश तुम्हाला तिथूनच आलेले धरतात. इथिओपियातल्या अदिस अबाबाला ४ तास थांबून पुढे जाणं वेगळं आणि पुढचं विमान चुकून रात्र तिथेच काढणं वेगळं. म्हणून हॉल्ट १०-११ तासांचा असेल तर मी दुसरं विमान शोधायला सांगते.

मी २२ वर्षं चेक-इन काउंटरवर कागद तपासले. आमच्या पडद्यावर टिमॅटिक उघडलेलं असायचं. जगभरच्या विमान कंपन्यांची 'आयाटा' ही संघटना ते चालवते. प्रवाशाचा पासपोर्ट, निघण्याची जागा, मधले थांबे, शेवटचं ठिकाण असं सगळं भरलं, की त्या दिवशी लागू असलेला नियम समोर येतो. तिकीट काढलं त्या दिवशी काय नियम होता, हे तिथे कुणी विचारत नाही. शिवाय अपुऱ्या कागदांवर माणूस नेला तर कंपनीला दंड बसतो आणि त्याला परत आणावं लागतं. त्यामुळे काउंटरवरची मुलगी अडून बसली तर तिच्यावर रागावू नका. तिच्या हातात फार काही नसतं.

आता नवऱ्याची पुस्तिका. ती चालते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत बदल होऊन ११ जुलै २०१६पासून यलो फीवरचा दाखला आजीवन वैध झाला आणि आधीच्या दाखल्यांनाही ते लागू आहे. त्यावर मुदत काहीही लिहिलेली असो. पण एक करू नका, आणि हे मी हात जोडून सांगते : त्या पुस्तिकेवर पेन टेकवू नका. माझ्यासमोर एकदा एक गृहस्थ उभे होते. स्वभावानं टापटीप, प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या वेगळ्या पाकिटात. त्यांना नवा नियम माहीत होता, म्हणून त्यांनी जुनी तारीख निळ्या बॉलपेननं सरळ रेघ मारून खोडली होती आणि शेजारी सुवाच्य अक्षरात इंग्रजीत 'आजीवन' लिहिलं होतं. लस खरी होती, शिक्का खरा होता. पण दाखल्यात खाडाखोड असली तर तो अवैध धरता येतो, हे नियमातच आहे. त्या रात्री ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी लसीकरण केंद्रानं जुन्या नोंदवहीवरून नवी पुस्तिका दिली, तेव्हा निघाले. ती निळी रेघ मला अजून दिसते.

तुमची आणि मुलीची लस घरून निघण्याच्या तारखेवरून उलट मोजत ठरवा. दाखला लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतो. १ तारखेला टोचलं तर ११ला. आठव्या-नवव्या दिवशी उतरणाऱ्याला हा हिशेब फार महागात पडतो. पण तुम्ही १० दिवसांवर ठेवू नका, ६ ते ८ आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. ही लस नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तिथे हव्या त्या दिवशी नंबर लागेलच असं नाही. शिवाय ही जिवंत विषाणूची लस आहे. मुलीचा गोवर-गालगुंड-रुबेलाचा एखादा डोस राहिला असेल, तर दोन्ही लशी एकाच दिवशी घ्याव्या लागतात, नाहीतर मध्ये ४ आठवडे सोडावे लागतात. पुस्तिका प्रत्येकाची वेगळी. नाव पासपोर्टवर आहे तसंच. शिक्का, बॅच नंबर आणि डॉक्टरांची सही केंद्रातून बाहेर पडण्याआधी बघून घ्या. आणि मुलीच्या पुस्तिकेवर सही तिचीच हवी. लिहिता न येणाऱ्या मुलांसाठी आई-वडील सही करतात, तुमच्या लेकीला लिहिता येतं.

सासऱ्यांचा प्रश्न मला सगळ्यात जास्त जपून हाताळावासा वाटतो. मी डॉक्टर नाही. पण साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं डावलून केवळ शिक्क्यासाठी लस टोचू नका. वैद्यकीय कारणासाठी सूट मागता येते. डॉक्टरांनी कारण देऊन, सही करून, इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये पत्र द्यायचं. ते मानायचं की नाही, हे उतरल्या देशाचे अधिकारी ठरवतात. म्हणून ज्या ज्या देशात दाखला मागितला जाईल त्याच्या दूतावासाला, आणि घरच्या विमानतळावरच्या आरोग्य विभागालाही, आधीच लेखी विचारा आणि उत्तर छापून जवळ ठेवा. आणि सूट मिळाली म्हणजे डास चावायचा थांबत नाही. केनियात धोका सगळीकडे सारखा नाही. नैरोबी-मोंबासापुरतं राहणाऱ्यांना जागतिक आरोग्य संघटना सहसा ही लस सुचवत नाही. त्यामुळे कोणत्या रात्री कुठे मुक्काम, हा कागद घेऊनच डॉक्टरांसमोर बसा. माझं मत विचाराल तर क्रम उलटा करा आणि केनियातला त्यांचा मुक्काम डॉक्टर सांगतील तेवढाच ठेवा.

तिकीट या सगळ्यानंतर. तारीख बदलता येईल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी. कागद अपुरे म्हणून विमानात चढू दिलं नाही, तर बहुतेक विमा पॉलिसी भरपाई देत नाहीत. नियम तीनदा बघा : तिकिटाआधी, महिनाभर आधी आणि निघण्याच्या ३ दिवस आधी.

प्रश्न : कोविड लसीचं प्रमाणपत्र अजून सोबत ठेवावं का? मागच्या वेळी दोन डोस असूनही माझं प्रमाणपत्र युरोपात 'मुदत संपलेलं' ठरलं होतं, ते मला कधी कळलंच नाही.

उत्तर : तुमची चूक नव्हती. १ फेब्रुवारी २०२२पासून युरोपीय संघानं प्रवासासाठी पहिल्या डोसमालिकेच्या प्रमाणपत्राला २७० दिवसांची मुदत लावली. लस तीच, कागद तोच, पण पुढचा डोस नसलेली कितीतरी माणसं अडकली. तो कायदा ३० जून २०२३ला संपला. अमेरिकेनं परदेशी विमानप्रवाशांवर ८ नोव्हेंबर २०२१ला घातलेली लसीची अट १२ मे २०२३ला उठली. आज बहुतेक देश हे प्रमाणपत्र विचारत नाहीत, तरी फोनमध्ये राहू द्या.

मुदत लसीच्या प्रकारावरही ठरते. हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस निदान १० दिवस आधी घ्यावी लागते. कॉन्ज्युगेट प्रकारची ५ वर्षं चालते, पॉलिसॅकराइड ३ वर्षं. दाखल्यावर प्रकार लिहिलेला नसेल तर ३ वर्षंच धरतात, तेव्हा तो केंद्रातच लिहून घ्या.