आदल्या रात्री सांगून ठेवते

प्रिय ताई,

माझं माहेर डोंबिवलीचं, लग्नानंतरही आम्ही डोंबिवलीतच राहत होतो. अकरा वर्षं मी फोर्टमध्ये नोकरी केली. रोज सव्वाआठची फास्ट, संध्याकाळी परत तीच मारामारी. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, म्हणून आम्ही वाईला आलो. ह्यांनी घरचं दुकान हाती घेतलं. मी दोघा-तिघा दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब घरी बसून करते. मुलगी दुसरीत आहे. हवा छान, भाजी ताजी, समोर उसाचं शेत. डोंबिवलीच्या मैत्रिणी म्हणतात, सुटलीस बाई त्या गर्दीतून.

पण संध्याकाळी सहा वाजले की माझा जीव घाबरा होतो. गेल्या महिन्यात माहेरी गेले, तेव्हा काही काम नसताना लोकलने सीएसएमटीला गेले आणि परत आले. येताना उभ्याने आले, घामाघूम, पाय तुडवले गेलेले. तरी मुंब्र्यापाशी मला आनंदाने रडू फुटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

नवरा खरोखर चांगला आहे. आमचं घर गावाबाहेर, नव्या प्लॉटवर आहे. कुठे जायचं असलं की मी आदल्या रात्री सांगून ठेवते, मग हे दुकानातून वेळ काढून सोडतात, आणतात. आजवर कधी नाही म्हणाले नाहीत. सासऱ्यांची स्कूटर शेडमध्ये झाकून ठेवलेली आहे. शिकते म्हटलं तर म्हणाले, कशाला, मी आहे ना; शनिवार-रविवारी पाचगणीला जाणारे लोक कशा गाड्या हाणतात बघतेस ना. तेही खरंच आहे. मी कृतघ्न आहे का? परत डोंबिवलीला जायचा हट्ट धरू, की मन घट्ट करून इथे रमायला शिकू?

– डोंबिवलीची, आता वाईची

*

अगं बाळा,

तुझ्या पत्रात गर्दी आहे, ऊस आहे, रडू आहे, पण मी अडले ती एका चार शब्दांच्या वाक्यापाशी. ‘आदल्या रात्री सांगून ठेवते.’ तू ते लिहून पुढे निघून गेलीस. मला काही पुढे जाता येईना.

चौतीस-पस्तिशीची बाई तू. अकरा वर्षं रोज अठ्ठेचाळीस किलोमीटर जाऊन तेवढेच परत यायचीस. डब्यात नीट उभं राहायला जागा नसताना पर्स पुढे घेऊन, ओढणी कमरेला खोचून आत शिरायचीस. दिव्याला उतरणाऱ्या बायकांच्या लोंढ्यातून वाट काढायचीस. आणि आज कोथिंबिरीची जुडी आणायची म्हणून तू आदल्या रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याचा मूड बघून विचारतेस, उद्या अकराच्या सुमाराला जमेल का हो? त्यावर मला असं लिहितेस, जणू काही त्रासच नाही.

त्रास हाच आहे, दुसरा कुठलाही नाही.

लोकलचं कौतुक मी तुला करू देणार नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ चालत्या गाड्यांच्या दारातून माणसं खाली पडली आणि जिवाला मुकली. कामावर निघालेली माणसं होती ती. ज्या प्रवासात घरी पोचायची खात्री नाही, त्याला प्रवास म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तेव्हा डोंबिवलीला परत जायचं काढू नकोस. तुला तिथे जायचंच नाहीये. तुझ्याच पत्रात ते लिहिलेलं आहे, ‘काही काम नसताना गेले.’ तुला ते ‘काही काम नसताना’ हवं आहे, गं.

आठवून बघ. डब्यात बायका एकच प्रश्न विचारतात, कुठे उतरणार? तू म्हणायचीस ‘सीएसएमटी’ किंवा ‘डोंबिवली’, की विषय संपला. तिला तुझी सीट हवी असायची, तुझी हकिकत नको असायची. आता वाईत दाराबाहेर पाऊल टाकलंस की शेजारच्या काकू विचारतात, कुठे निघालात? त्यांच्या पोटात पाप नाही, गावात अशीच विचारपूस असते. पण त्यांना उत्तर द्यावं लागतं. मग कशाला, कुणाकडे, एकट्याच का, हे कुठे आहेत, हेही ओघाने येतं. आणि हे सगळं काकूंच्याही आधी, आदल्या रात्री, घरातच एकदा होऊन गेलेलं असतं. कारण सांगितल्याशिवाय तू गेल्या तीन वर्षांत उंबरा ओलांडलेला नाहीस. कारण नसलेल्या गोष्टी म्हणून तुझ्या आयुष्यातून गळून गेल्या. ‘मला मेणवलीच्या घाटावर अर्धा तास नुसतं बसायचंय, दुकान बंद करून सोडा’ असं कोण बाई म्हणेल? लाज वाटते. मेणवली तुझ्या घरापासून किती लांब? वाईपासून तीनेक किलोमीटर. नदीला वळण आहे, नाना फडणविसांचा वाडा आहे, वसईच्या मोहिमेनंतर आणलेली ती मोठी घंटा आहे. लोक मुंबई-पुण्याहून बघायला येतात. तू किती वेळा गेलीस? माझा अंदाज, पाहुणे आले तेव्हा. हिवाळा सरताना कृष्णाबाईचा उत्सव सात घाटांवर एकामागून एक रंगतो, त्यातही तू नैवेद्याच्या पंगतीला जाऊन ‘चल, दुकान उघडायचंय’ ऐकून उठली असशील.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतून मला कळतं, किती जणी त्यावर साताऱ्याला कोर्सला जायला लागल्या, माहेरी जास्त वेळा जायला लागल्या. तुला त्याचा काय उपयोग झाला? स्टँडवर पोचायलाच तुला नवरा लागतो.

आता त्या चांगल्या नवऱ्याविषयी. तू सारखी त्याची बाजू घेतेस, म्हणून मी घेणार नाही. ‘कधी नाही म्हणाले नाहीत’ ह्याला मी काडीचं महत्त्व देत नाही. नाही म्हणायचा किंवा हो म्हणायचा अधिकार त्याच्याकडे आला कुठून, ते सांग. तुम्ही डोंबिवलीत होतात, तेव्हा तू ऑफिसला जायला त्याला विचारायचीस का? तीन वर्षं घरात एक स्कूटर नुसती उभी आहे आणि शिकायला निघालेल्या बायकोला हा माणूस म्हणतो, कशाला, मी आहे ना. हे प्रेमाने म्हटलेलं असेलही. प्रेमाने लावलेली कडी उघडायला जास्त जड जाते, कारण ती उघडताना आपणच वाईट ठरतो. तू ‘कृतघ्न’ हा शब्द लिहिलास तो त्यामुळेच. तो शब्द खोडून टाक. सोडल्या-आणल्याबद्दल बायकोने जन्मभर उपकार मानायचे नसतात.

आणि ते शनिवार-रविवारचं कारण. हो, पसरणी घाटाकडे जाणाऱ्या गाड्या सुट्टीच्या दिवशी वाईतून बेदरकार जातात, मी स्वतः पाहिलंय. मग सोमवार ते शुक्रवार चालव. शनिवारी घरी राहा. आठवड्यातून दोन दिवस रस्ता वाईट असतो म्हणून सातही दिवस बाईने दुसऱ्याच्या मागे बसावं, हा हिशेब तुझ्यासारख्या हिशेबाच्या बाईने मान्य कसा केला?

मला हे इतकं लागतं, त्याला कारण आहे. 1986 साली मी छत्तीस वर्षांची होते, कऱ्हाडला सासरी, दोन मुलांची आई. घरात मोटारसायकल होती, ती अर्थात यजमानांची. डॉक्टर, बाजार, मुलांची शाळा, सगळीकडे मी मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंकडे लूना होती. त्यांनी मला रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर शिकवली. पायडल मारून मारून पोटऱ्या भरून यायच्या. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं हे कळेपर्यंत दोनदा ती रस्त्यात बंद पडली, एकदा भर मंडईत. साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून त्याची गाठ कशी मारायची, हेही त्यांनीच दाखवलं. ज्या दिवशी एकटी निघाले, त्या दिवशी मी कुठेही गेले नाही. म्हणजे प्रीतिसंगमावर गेले, कोयना कृष्णेला मिळते तिथे कठड्यावर वीस मिनिटं बसले आणि परत आले. घरी सासूबाईंनी विचारलं, कुठे गेली होतीस? मी म्हटलं, सहज. लग्नानंतरच्या चौदा वर्षांत ह्या प्रश्नाला मी पहिल्यांदा हे उत्तर दिलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. यजमान आठवडाभर घुम्यासारखे वागले. आठवड्याने तो रुसवा गेला.

तर तू ती स्कूटर शिकायची आहेस. दुसरा सल्ला माझ्याकडे नाही. समुपदेशक नको, डोंबिवलीचा हट्ट नको, मन घट्ट करणं तर अजिबात नको.

चावी नवऱ्याकडे मागू नकोस. सासऱ्यांकडे माग. गाडी त्यांची आहे. आणि त्या घरात तुझं दुखणं कळणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे ते. झटका यायच्या आधी ते ह्याच स्कूटरवरून स्टँडपर्यंत जाऊन चहा पिऊन येत असतील, कुणाला न सांगता. आता डॉक्टरकडे जायलाही त्यांना मुलाची वाट बघावी लागते. तेही आदल्या रात्रीच सांगून ठेवत असतील, लक्ष दिलंस तर तुला ऐकू येईल. गाडी सुटलेल्या माणसाला ‘मला कुठेच जाता येत नाही’ हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्याजवळ बस आणि म्हण, बाबा, तुमची गाडी मी चालवते, मला कशी काय ते सांगा. त्यांची जीभ जड झाली असेल तरी ते सांगतील. मग तुझ्या नवऱ्याला काय बोलायचं ते त्यांच्यासमोर बोलू दे.

गाडी उभी राहून राहून तिची बॅटरी उतरलेली असणार, टायर बसलेले असणार. मेकॅनिकला घरी बोलव, जुनं पेट्रोल काढून टाकायला सांग. इन्शुरन्स आणि पीयूसी बघ, दोन्ही संपलेलं असेल, ते आधी कर. शिकाऊ लायसन्स आता आधारवरून घरबसल्या निघतं, परीक्षाही घरीच कॉम्प्युटरवर होते. तू जीएसटीचे फॉर्म भरतेस, हा तुला जड नाही. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. म्हणजे आज सुरुवात केलीस तर दीड-दोन महिन्यांत तू मोकळी.

शिकताना मागे लायसन्स असलेलं माणूस बसवायचंच. पण ते माणूस म्हणजे नवरा नको. तो चांगला आहे, म्हणूनच नको. प्रत्येक वळणावर ‘हळू, हळू’ म्हणेल आणि चौथ्या दिवशी तू ‘राहू दे’ म्हणशील. मुलीच्या शाळेच्या फाटकावर स्कूटीवरून येणाऱ्या आया रोज दिसतात तुला. त्यातल्या एकीला विचार. एकीलाही नाही म्हणवणार नाही, पैज लाव. बायकांना दुसरीला गाडी शिकवायला फार आवडतं, हे माझं चाळीस वर्षांचं निरीक्षण आहे. आणि तुला डब्यातल्या मैत्रिणींची जी भूक आहे, तीही ह्याच रस्त्याने थोडी भागेल.

पहिले आठ दिवस प्लॉटिंगच्या मोकळ्या रस्त्यावर, सकाळी लवकर. हेल्मेट पट्टा लावून. सलवार-कमीज असेल तर ओढणी घरी ठेव. लायसन्स पक्कं झालं की एकटी मेणवलीला जा, मधल्या वारी, दुपारी तीनच्या सुमाराला, मुलगी शाळेत असताना. मुलीची शाळा सुटायच्या आत परत ये. आदल्या रात्री कुणालाही काही सांगू नकोस. आल्यावर विचारलं तर काय म्हणायचं ते तुला आता माहीत आहे.

तिकडून मला पत्र टाक. चार ओळी पुरेत.

आणि हे बघ, घाटाकडे उतरताना रस्त्यावर खडी असते. तिथे पुढचा ब्रेक एकटा दाबू नकोस, गाडी घसरते. वेग आधीच कमी कर, दोन्ही ब्रेक मिळून हलके हलके दाब, आणि पाय लगेच खाली टेकायची घाई करू नकोस.

– ताई