वाचकांचे प्रश्न : चॉकलेट स्टाउट कशी चाखावी?

प्रश्न : पाहुण्यांनी परदेशातून चॉकलेट स्टाउटची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळ्या बिअरची, बाटली आणली. ३३० मिली, १० टक्के अल्कोहोल. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून नेहमीच्या बिअरसारखी गारेगार प्यायलो. नुसती कडू आणि करपट लागली, चॉकलेट कुठेच सापडलं नाही. बाटली खराब होती का? अजून एक शिल्लक आहे.
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : बाटली बहुधा चांगलीच होती, घात फ्रिजने केला. ४-५ अंश सेल्सिअसवर बिअरमधले वास वर उठतच नाहीत, गोडवा दबतो आणि कडूपणा तेवढा पुढे येतो. हलक्या लागरला, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बिअरला, तो गारठा शोभतो. इतक्या दाट स्टाउटला १० ते १३ अंश तापमान लागतं. दुसरी बाटली फ्रिजमधून काढून थंडीच्या दिवसांत २५-३० मिनिटं बाहेर ठेवा. एप्रिल-मे असेल तर १०-१५ मिनिटं पुष्कळ झाली. बाटलीला हात लावल्यावर गार वाटावी, पण बोटं बधिर होऊ नयेत.

ग्लास वाइनचा घ्या, पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता. आपल्या नाशिकमध्ये, द्राक्षांच्या या गावात, तो बऱ्याच घरांत असतोच. साबणाचा किंवा तुपाचा अंशही राहता कामा नये, नाहीतर फेस लगेच बसतो. ग्लास तिरपा धरून १०० ते १२० मिलीच ओता आणि शेवटी सरळ करा, म्हणजे बोटभर फेस येईल. तळाशी गाळ असेल तर शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या.

आधी उजेडासमोर धरा. काळीकुट्ट दिसणारी स्टाउट कडेला लालसर-तपकिरी झाक देते आणि फेस दुधाळ कॉफीच्या रंगाचा असतो. मग वास घ्या. एकच लांब श्वास ओढलात तर अल्कोहोल नाकाला झोंबेल, म्हणून दोन-तीन छोटे हुंगे घ्या. ग्लासवर तळहात ठेवून हलकेच घुमवा आणि पुन्हा हुंगा. कॉफी, कोको, काकवी, खजूर, काळे मनुके यांतलं काय ओळखीचं वाटतं ते शोधा. पिंपळगावकडचे काळे मनुके मुठीत चोळून हुंगले असतील, तर तो वास चटकन सापडेल.

घोट छोटाच घ्या, दोन चमचे पुरेत. तोंडात फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चॉकलेट खरं कळतं ते इथे, कारण आपण ज्याला ‘चव’ म्हणतो त्यातला बराच भाग वासाचाच असतो. १० मिनिटांनी आणि पुन्हा २० मिनिटांनी हेच करा आणि दर वेळी दोन शब्द वहीत लिहून ठेवा. गारठा उतरत जातो तशी आधी कॉफी, मग कोको आणि शेवटी सुकामेवा असा क्रम बहुतेकदा दिसतो. आधीचा तासभर पान, तंबाखू, लसूण, मिरची नको. मध्ये साधं पाणी आणि भाकरीचा तुकडा चालतो.

एक हिशेबही ध्यानात ठेवा : या छोट्या बाटलीत ३३ मिली शुद्ध अल्कोहोल आहे, म्हणजे ५ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीएवढं. ती दोघा-तिघांत वाटा आणि त्यानंतर गाडीला हात लावू नका.

प्रश्न : यात खरंच चॉकलेट घालतात का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : बहुतेक वेळा नाही. बार्लीला, म्हणजे जवाला, मोड आणून वाळवलं की माल्ट होतं. तेच २०० अंशांच्या वर भाजलं की त्याला ‘चॉकलेट माल्ट’ म्हणतात. हे नाव रंगावरून आणि वासावरून पडलं. कोकोचा त्यात कणही नसतो. लंडनच्या डॅनियल व्हीलर यांनी १८१७ मध्ये बंद पिंपात माल्ट भाजण्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून थोड्याशा काळ्या माल्टवर सगळी बिअर गडद करता येऊ लागली. आजही १०० किलो धान्यात भाजलेलं साधारण ५ ते १० किलोच असतं. त्याहून फार वाढवलं तर राखेसारखी चव येते आणि कच्च्या जांभळासारखा हिरड्या आवळणारा तुरटपणा राहतो.

काही ब्रुअरी खरा कोकोही घालतात, पण वडी नव्हे. वडीतल्या चरबीने फेस मरतो. भाजलेल्या कोको बियांचे तुकडे १०० लिटरमागे अर्धा ते एक किलो, आंबवण झाल्यावर काही दिवस भिजवतात. लेबलवर ‘मिल्क स्टाउट’ असेल तर त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असते. बिअर आंबवणारं यीस्ट ती खात नाही, म्हणून गोडवा टिकतो. दूध पचत नसेल त्यांनी ती टाळावी.

प्रश्न : सोबत मिसळ चालेल?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : नको. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं आणि तर्रीपुढे कोको हरवतो. काळ्या मसाल्याचं मटण कमी तिखट करून बघा. भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं आणि स्टाउटचं छान जमतं. त्याहून सोपं म्हणजे अक्रोड, अंजीर किंवा मुरलेलं चीज. चॉकलेटच हवं असेल तर ७० टक्के कोकोचं घ्या. फार गोड खाल्लं की स्टाउट आंबट लागते.

प्रश्न : अशी बाटली वर्षभर ठेवली तर मुरते का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ८ टक्क्यांच्या वरची असेल तर मुरू शकते, पण अंधारात, उभी आणि १२-१५ अंशांत. नाशिकच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेली बाटली मुरत नाही, बिघडते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर हवा लागली आहे. सोया सॉससारखा आला तर यीस्ट मरून विरघळलं आहे किंवा बाटली उन्हाळ्यात शिजली आहे. मनुक्यासारखा आणि जुन्या शेरी वाइनसारखा मंद वास मात्र दोष नव्हे, तो वयाचा. दोन बाटल्या असतील तर एक आत्ताच प्या आणि वहीतली टिपणं जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरी त्यांच्याशी ताडून पाहता येईल.