ग्राफिक्स कार्ड राहू द्या, आधी क्रेडिट कार्ड बघा

पत्र म्हापशाहून आलं आहे. वाचक एकतीस वर्षांचे, लग्नांचे व्हिडिओ एडिट करतात. सीझनमध्ये महिन्याला ऐंशी-नव्वद हजार, पावसात वीस, सरासरी पंचावन्न हजार पडतात. घरात आई, पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. पाच वर्षांपूर्वी घेतलेला गेमिंग लॅपटॉप आता इतका तापतो की त्याच्याखाली सोड्याच्या बाटल्यांची चार झाकणं ठेवून तो उंच केलाय आणि शेजारी टेबलफॅन लावलाय. गेल्या महिन्यात एका हळदीचा फायनल एक्स्पोर्ट चालू असताना नवरीच्या तोंडावर हिरव्या-जांभळ्या उभ्या रेषा आल्या आणि स्क्रीन काळी झाली. दुरुस्तीवाला म्हणतो, ग्राफिक्सची चिप रीबॉल करून, म्हणजे तिच्याखालचं सोल्डर नवं घालून देतो, ६,५०० रुपये, तीन महिन्यांची हमी. सर्व्हिस सेंटर म्हणतं, मदरबोर्डच बदलावा लागेल, ५२,०००. शोरूमवाला म्हणतो, नवा घ्या, १,३५,००० चा, बारा बिनव्याजी हप्ते, वर ११,००० चा प्रोटेक्शन प्लॅन. तिघांपैकी कोणाचं ऐकू, असा प्रश्न आहे.

प्रश्न सरळ आहे, उत्तरही देतो. पण त्याआधी तुमच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद इथे जसाच्या तसा छापतो, कारण तो तुम्ही जाता जाता लिहिलाय आणि खरं दुखणं तिथेच आहे: ‘सप्टेंबरात पॉलिसीचा एक लाखाचा तिसरा हप्ता आहे, तो गेल्या वर्षीसारखा क्रेडिट कार्डावर टाकेन. कार्डावर सध्या १,४०,००० आहेत, पण मिनिमम ड्यू मी एकदाही चुकवलेला नाही. दीड लाखाची एफडी आहे, ती मुलीची, तिला हात लावायचा नाही. पुढच्या सीझनला रेट वाढवणार आहे, तेव्हा सगळं फिटेल.’

मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, चुकवला नाही याचा तुम्हाला अभिमान वाटतो. बँकेला तर फारच वाटत असेल. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. १,४०,००० वर धरा पाच हजार. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी नऊशे. म्हणजे महिन्याला सहा हजार नुसते व्याजात. तुम्ही भरता सात हजार, म्हणजे मुद्दल हलतं हजाराने. वर्षाला सत्तर हजार रुपये तुम्ही कशासाठी देताय? तर गेल्या सप्टेंबरात एक विम्याचा हप्ता वेळेवर भरला म्हणून. त्या एका लाखावर आजवर चाळीसेक हजार गेले असतील आणि तो लाख अजून तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट बिलाच्या मागे बारीक अक्षरात असते. थकबाकी पुढे ढकलत राहिलात की नव्या खरेदीला ते पंचेचाळीस-पन्नास दिवसांचं बिनव्याजी अंतर मिळत नाही. पेट्रोल असो की चवथीचं सामान, कार्ड घासल्या दिवसापासून मीटर चालू. याच कार्डावर शोरूमचा हप्ता चढवलात तर दर महिन्याचे ११,२५० थेट मिनिमम ड्यूमध्ये येऊन बसतील. पावसात वीस हजार कमावणारा माणूस अठरा हजार कार्डाला देईल आणि मग किराणाही त्याच कार्डावर.

आता ती पॉलिसी. बँकेत एफडी करायला गेला होतात, काउंटरवरच्या बाईंनी ‘एफडीपेक्षा हे चांगलं, दहा वर्षं भरा, विसाव्या वर्षी दुप्पट, शिवाय टॅक्स वाचेल’ असं सांगितलं, असं तुम्ही लिहिता. एकेक बघू.

दुप्पट. दर वर्षी एक लाख, दहा वर्षं, म्हणजे दहा लाख, आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी वीस लाख. ऐकायला छान. हिशेबाला बसलं की परतावा निघतो साडेचार टक्के. तोच एक लाख दर वर्षी पीपीएफमध्ये टाकला, सध्याचा ७.१ टक्के दर तसाच राहिला आणि पंधरा वर्षांनंतर मुदत वाढवून खातं विसाव्या वर्षापर्यंत चालू ठेवलं, तर साडेएकोणतीस लाखांच्या घरात रक्कम होते. पीपीएफ काही फार हुशारीची गुंतवणूक नाही. पोस्टात मिळते, तिथे कोणी कॉफी विचारत नाही.

टॅक्स. तुमचं वर्षाचं उत्पन्न साडेसहा लाखांच्या आसपास. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य आहे, आणि त्या प्रणालीत विम्याच्या हप्त्याची ८०सी ची वजावट मुळात मिळतच नाही. जो कर तुम्हाला लागत नाही तो वाचवण्यासाठी तुम्ही वर्षाला लाख रुपये भरताय! हे विकणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आणि विमा. लाखाच्या हप्त्यावर तुम्हाला संरक्षण आहे दहा लाखांचं. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांचा दीड वर्षाचा खर्च. तुमच्या वयाच्या, तंबाखू-सिगारेट नसलेल्या माणसाला एक कोटीचा टर्म इन्शुरन्स साधारण बारा-पंधरा हजारांत मिळतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. त्यातून परत काही मिळत नाही म्हणून तो कोणी काउंटरवर बोलावून विकत नाही. कमिशन कशात आहे ते ओळखा.

तेव्हा चित्र असं आहे: बेचाळीस टक्क्यांनी पैसे उचलायचे आणि साडेचार टक्क्यांवर वीस वर्षं ठेवायचे. त्याच घरात दीड लाख रुपये सात टक्क्यांच्या एफडीत झोपलेले. मुलगी दोन वर्षांची आहे, तिला आज त्या एफडीचा काही उपयोग नाही. तिला उपयोग आहे बापाचं कर्ज फिटण्याचा.

एफडी मोडा. या आठवड्यात. मुदतीआधी मोडल्याचा दंड एखादा टक्का, म्हणजे फार तर दीड हजार. वर्षाला मिळणारं दहा-साडेदहा हजार व्याज जाईल आणि जाणारे सत्तर हजार थांबतील. कार्डाची पूर्ण रक्कम भरा. पुढच्या बिलात थोडं उरलेलं व्याज लागून येईल, तेही भरा, आणि मग निदान वर्षभर ते कार्ड कपाटात ठेवा. आई विचारतील. हा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखवा. आपल्याकडच्या आया कर्ज आणि व्याज पटकन समजतात, त्यांना नको असतं ते फक्त न सांगता केलेलं.

सप्टेंबरचा हप्ता भरू नका. कार्डावर नाहीच, रोखही नाही. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती. दोन हप्ते भरल्यावर नियमाने निदान तीस टक्के, म्हणजे साठ हजार मिळायला हवेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांखालची पॉलिसी असेल तर बहुधा अधिक. तुमची कधीची आहे ते पत्रात नाही, बाँडवर बघा.

दोन लाखांतले साठच परत मिळणार हे वाचून तुम्हाला राग येईल. यायलाच हवा. पण ‘आता एवढे भरलेत तर पूर्णच करतो’ हे म्हणणं म्हणजे चुकीच्या कदंब बसमध्ये बसल्याचं कळूनही तिकीट वाया जाऊ नये म्हणून काणकोणपर्यंत जाणं. पुढचे आठ लाख अजून तुमच्या खिशात आहेत. फसवून विकल्याची तक्रार जरूर करा, आधी विमा कंपनीकडे लेखी, महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. गोवा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो, वकील लागत नाही, फी नाही. मात्र पॉलिसी परत करण्याची तीस दिवसांची मुदत कधीच उलटलीय, काउंटरवर काय बोलणं झालं त्याचा पुरावा नाही, आणि पडताळणीच्या फोनवर तुम्ही ‘हो, हो’ म्हटलंच असणार. ते पैसे येतील असं धरून कुठलाही बेत आखू नका. पॉलिसी बंद करण्याआधी टर्म इन्शुरन्स हातात घ्या. आणि गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवा. चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाखांपर्यंत आहे.

आता लॅपटॉप.

हार्डवेअर हा माझा प्रांत नाही, पण पणजीत बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला तुमची लक्षणं सांगितली. त्याचा पहिला प्रश्न: रेषा बाहेरच्या मॉनिटरवरही येतात का? तुमच्याकडे चोवीस इंची मॉनिटर आहे, जोडून बघा. रेषा फक्त लॅपटॉपच्या पडद्यावर असतील तर दोष पॅनेलचा किंवा केबलचा, आणि साडेसहा हजारांचं रीबॉलिंग फुकट गेलं असतं. दोन्हीकडे येत असतील, आणि विंडोज चालू व्हायच्या आधी, लोगोच्या पडद्यावरही दिसत असतील, तर ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही, चिपच चाललीय.

चिप चालली असेल तर रीबॉलिंगचा भरवसा धरू नका. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप बहुतेक वेळा मदरबोर्डावरच सोल्डर केलेली असते, सुटी काढून नवी बसवता येत नाही. रीबॉलिंगमध्ये चिप आणि बोर्ड यांच्यामधले सोल्डरचे गोळे नवे घालतात. पण तापणं-थंड होणं करून तडा अनेकदा त्याच्याही आत, चिपच्या स्वतःच्या सूक्ष्म जोडांत गेलेला असतो. दुरुस्तीच्या उष्णतेने तो जोड तात्पुरता चिकटतो, मशीन झकास चालू होतं, तुम्ही पैसे देऊन घरी येता, आणि काही आठवड्यांनी पुन्हा रेषा. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या सदोष चिपांपायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले, आणि २०११ च्या मॅकबुक प्रोमधल्या ग्राफिक्सच्या तक्रारींवर ॲपलला २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना आणावी लागली. तीन महिन्यांची हमी तीनच महिन्यांची का असते, हे आता लक्षात येईल.

५२,००० चा बोर्ड तर नकोच. पाच वर्षं जुनं मशीन, बॅटरी मेलेली, बिजागरी सैल, हे तुम्हीच लिहिलंय.

मात्र एक खर्च आत्ताच करा. आठशे-हजार रुपयांत पंखे साफ करून चिपवरची थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता बाहेर नेणारा लेप, बदलून घ्या. पाच वर्षांत पेस्ट वाळून खडू झाली असणार, आणि आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत पंख्याच्या पात्यांवर धूळ नुसती बसत नाही, चिकटते. गेलेली चिप याने जिवंत होणार नाही, पण झाकणं आणि टेबलफॅन यांपेक्षा हे बरं. मग वेगळी ग्राफिक्स चिप बंद करून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम चालवा. फुटेजच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी फाइली, करून एडिट केलं तर पावसाळ्यातली दोन-तीन कामं रडतखडत निघतील. आणि हे सगळं करण्याच्या आधी, म्हणजे आज रात्री, लोकांच्या लग्नांचं फुटेज दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

नवं काय घ्यायचं? ‘कुठेही नेता येतो म्हणून लॅपटॉपच हवा’ असं पत्रात आहे. पण तुमचा लॅपटॉप चार झाकणांवर बसलाय, चार्जर काढला की बंद पडतो, आणि लग्नाच्या मांडवात बसून एडिट करून देण्याचं काम तुम्ही घेत नाही. डेस्कटॉप जोडून घ्या. मॉनिटर आहेच. तुमच्या कामाला पुरेल असा साधारण ९५,००० मध्ये होईल, वर पाच हजारांचा यूपीएस, कारण म्हापशात पावसात वीज कशी असते ते मी तुम्हाला सांगायला नको. मोठा खोका, मोठे पंखे, त्यामुळे तापणं कमी. आणि चार वर्षांनी ग्राफिक्स कार्ड गेलं तर ते तेवढंच काढून दुसरं लावता येतं.

लाख रुपये आणायचे कुठून? एफडीतून कार्ड फेडून उरलेले दहा हजार, सरेंडरचे साठ. राहिले तीस. नोव्हेंबर-डिसेंबरची सहा बुकिंगं आहेत असं तुम्ही लिहिता, आणि ‘ओळखीचे लोक, ॲडव्हान्स कसा मागायचा’ असंही. ते ओळखीचे लोक हॉलवाल्याला, केटररला, मांडववाल्याला ॲडव्हान्स देतातच. तुम्हीच मागत नाही. पंचवीस हजारांच्या कामाला तीस टक्के घ्या, सहा कामांचे पंचेचाळीस हजार होतात. मशीन येऊन पंधरा हजार हातात उरतात. फार नाहीत, म्हणून कार्डाला जाणारे महिन्याचे सात हजार पुढचं वर्षभर रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाका आणि पहिले बारा-पंधरा हजार टर्म इन्शुरन्सच्या हप्त्याला ठेवा.

रेट वाढवणार असाल तर जरूर वाढवा, पण वाढलेले पैसे आजच खर्चू नका. आधी हे बघा की सध्याच्या रेटमध्ये मशीनचा खर्च धरलाय का. लाखाचं मशीन चार वर्षं चाललं तर वर्षाला पंचवीस हजार. वर्षाला चाळीस लग्नं केलीत तर लग्नामागे सहाशे-सव्वासहाशे. प्रत्येक लग्नाचे हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकलेत तर पुढचं मशीन घेताना मला पत्र लिहावं लागणार नाही.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल: त्याच शोरूमला रोखीचा भाव विचारा. सात-आठ हजारांनी कमी निघाला तर तेच व्याज समजा, वर प्रोसेसिंग फी आणि त्या व्याजावरचा जीएसटी वेगळा. ११,००० चा प्रोटेक्शन प्लॅन: नको. बहुतेकदा तो शोरूमचा किंवा तिसऱ्याच कोणाचा असतो, कंपनीचा नसतो, आणि तापून गेलेली चिप ‘नैसर्गिक झीज’ या सदरात ढकलून मोकळे होतात. डेस्कटॉपच्या प्रत्येक भागाला त्याच्या कंपनीची वेगळी वॉरंटी असते. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात.