भाड्याची गाडी आणि साताऱ्याचे घाट

वाचकांचे प्रश्न

(उत्तरं देणारे साताऱ्याचे. एसटीत चालक होते, निवृत्तीनंतर शहरात मोटार ड्रायव्हिंग शिकवतात.)

प्रश्न : सप्टेंबरअखेर आईवडिलांना घेऊन पुण्याहून कास, ठोसेघर, महाबळेश्वर करायचं आहे. स्वतः चालवायला भाड्याची गाडी बघतोय. ओळखीतल्या एकाची गाडी कंपनीपेक्षा बरीच स्वस्तात मिळतेय, पण नंबरप्लेट पांढरी आहे. घेऊ का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : घेऊ नका. स्वतः चालवण्यासाठी भाड्यानं द्यायची परवानगी ज्या गाडीला असते तिची पाटी काळी आणि आकडे पिवळे असतात. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे टॅक्सी, ती ड्रायव्हरसह मिळते. पांढरी पाटी घरच्या वापराची. ती भाड्यानं फिरवणं बेकायदा आहेच, पण मला काळजी वाटते ती पुढची. काही झालंच, तर विमा कंपनी पहिली विचारणार की गाडी भाड्यानं दिली होती का, आणि तिथून भरपाई अडते. दवाखान्याचा खर्च, समोरच्याचं नुकसान, सगळं तुमच्या आणि त्या ओळखीच्या माणसाच्या अंगावर येतं. वाचवलेल्या पैशांत हे भागत नाही.

काळ्या पाटीची गाडी घेतलीत तरी ताब्यात घेताना घाई करू नका. उजेडात चारी बाजूंनी मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात किलोमीटरचा आणि इंधनाचा काटाही येऊ द्या. डिकी उघडून स्टेपनी, जॅक, पाना आणि लाल त्रिकोण आहे का बघा. स्टेपनीत हवा आहे का हेही बघा, बहुतेक जण तेवढंच विसरतात. मग खाली वाकून टायर बघा. खाचांच्या तळाशी मधेमधे रबराचे बारीक उंचवटे असतात. झिजून टायर त्यांच्या पातळीला आला की त्याचं आयुष्य संपलं, खाच १.६ मिलिमीटरच उरली असं समजायचं. असा टायर पावसात साताऱ्याहून कासला चढणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात नेऊ नका. दुसरी गाडी मागा. मिळाली नाही तर बेत पुढे ढकला.

करारात ज्याचं नाव आहे त्यानंच गाडी चालवायची. दोघं आळीपाळीनं चालवणार असाल तर दोघांची नावं घालून घ्या. आरसी, विमा, पीयूसी आणि परमिट गाडीत हवं. लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असलं तरी कायद्यानं चालतं. आईवडील मागे बसतील, त्यांनाही पट्टा लावा. मागच्या सीटलाही पट्टा सक्तीचा आहे, दंड १००० रुपये. पण दंडासाठी लावू नका, आईवडिलांसाठी लावा. फास्टॅगमध्ये पैसे कोण भरणार हे निघायच्या आधीच ठरवून घ्या. पुणे-सातारा रस्त्यावरच्या आनेवाडी टोलनाक्यावर टॅग चालला नाही तर यूपीआयनं सव्वापट टोल पडतो.

कासला फुलांच्या हंगामात गाडी पठारावर नेऊन कडेला उभी करायची नसते. ठरलेल्या वाहनतळावर लावायची आणि पुढे तिथल्या बसनं जायचं. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम.

प्रश्न : आम्ही नाशिककडचे, गाडी सपाटीवरच चालवलेली. गेल्या खेपेला पाचगणीहून वाईला उतरताना ब्रेकचा जळका वास आला आणि बायकामुलं घाबरली. आता पुन्हा जायचंय, तेही भाड्याच्या ऑटोमॅटिक गाडीनं. काय काळजी घ्यावी? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : बरं झालं विचारलंत. पसरणीच्या घाटात उतरताना हा वास मी फार वेळा घेतलाय, आणि जवळजवळ दर वेळी गाडी बाहेरगावची असते.

एसटीत जुनी माणसं आम्हाला एकच सांगायची, ज्या गियरात चढशील त्याच गियरात उतर. दुसऱ्या गियरमध्ये गाडी ठेवली की इंजिनच तिला मागे धरतं आणि ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. तुम्ही टॉप गियरात किंवा न्यूट्रल करून उतरलात की गाडीचं सगळं ओझं ब्रेकवर येतं. पाय सतत पेडलवर राहिला की पॅड तापतात, पकड सुटायला लागते. त्याहून तापलं तर ब्रेक ऑइलच उकळतं आणि पेडल मऊ पडून खाली जातं. मग पाय कितीही दाबा. म्हणून ब्रेक दाबून धरून ठेवायचा नाही. एकदा नीट दाबायचा, वेग उतरवायचा आणि सोडायचा. डिझेल-पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांचं ऐकू नका.

ऑटोमॅटिकमध्ये लोकांना वाटतं की ‘डी’ला टाकलं की झालं. घाट उतरताना ‘एल’, ‘टू’ किंवा मॅन्युअलमधलं वजाचं (–) चिन्ह, जे असेल ते वापरून गाडी खालच्या गियरला आणा. कोणत्या गाडीत काय आहे ते देणाऱ्याला विचारून घ्या आणि वाईच्या आधी मोकळ्या रस्त्यावर एकदा करून बघा. स्वस्तातल्या काही ऑटोमॅटिक गाड्या चढावर थांबून निघताना मागे सरकतात. तिथे हँडब्रेक ओढून, अ‍ॅक्सिलरेटर देऊन मग हँडब्रेक सोडायचा.

वास आलाच तर रुंद जागा बघून कडेला घ्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्कला तडा जातो. गियरवाली गाडी पहिल्या गियरात ठेवा, ऑटोमॅटिक ‘पी’ला, आणि चाकाला दगड लावा. ब्रेक गार व्हायला अर्धा तास गेला तर जाऊ द्या. पेडल तरीही मऊ लागत असेल तर पुढे एक वळणही जाऊ नका, कंपनीला फोन करा. आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचलून कडेला टाका. हे मी हात जोडून सांगतो. घाटात असा सोडलेला दगड रात्री मोटारसायकलवाल्याच्या पुढच्या चाकाखाली येतो.

आणखी एक, एसटीवाला म्हणून सांगतो. आखडत्या वळणावर बस वळते तेव्हा तिचं तोंड बाहेरून फिरतं आणि मागची चाकं आतून कापत येतात. तिला अख्खा रस्ता लागतो, त्यात ड्रायव्हरचा आडमुठेपणा नसतो. वळणावर बसचं तोंड दिसलं की तुम्ही वळणाच्या अलीकडेच थांबा. आतल्या बाजूनं नाक खुपसलं की बस अडकते, मागे रांग लागते. रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. चढावर थांबून पुन्हा उचलणं अवघड, उतरणाऱ्याला थांबणं त्यामानानं सोपं. वळणाआधी हॉर्न द्या, रात्री डिपर, म्हणजे दिव्यांची उघडझाप. धुक्यात डिपर आणि कमी उजेडाचा दिवा एवढंच पुरे. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावू नका, कुठे वळताय ते कुणालाच कळत नाही. माकडांसाठी घाटात थांबू नका, खायला तर मुळीच देऊ नका.

प्रश्न : पुतण्या अमेरिकेहून येतोय. तिकडच्या लायसन्सवर तो सांगली-साताऱ्यात गाडी चालवू शकेल का? – एक वाचिका, मिरज

उत्तर : त्यानं तिकडूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा आणि मूळ लायसन्सही बरोबर ठेवावं. अमेरिकेच्या लायसन्सवर इथलं आरटीओ तो देत नाही. त्याचं भारतातलं जुनं लायसन्स अजून चालू असेल तर प्रश्नच मिटला. तरी पहिले दोन दिवस त्याला शेजारी बसवा. तिकडे गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे चौकात वळताना सवयीनं तो उलट्या बाजूला जाईल. इथल्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, त्याच्या हातून वायपर चालू होतील.

प्रश्न : डिसेंबरात रात्री पेठ नाक्याहून आष्ट्यामार्गे सांगलीला जायचं आहे. रस्ता कसा आहे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दिवसा जाता आलं तर दिवसाच जा. डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम ऐन भरात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांना बाहेर आलेला, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. समोरून एकच दिवा आला तर मोटारसायकल समजू नका, ट्रॅक्टर असू शकतो. ओव्हरटेक करताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरून अंदाज घ्या, मागची ट्रॉली खड्ड्यात हलली की आडवी झुलते. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्यानं चालू असतात, तुमचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. डिपर द्या, जागा मिळेपर्यंत मागे राहा. पहाटे बैलगाड्यांची रांग लागते. त्यांत तोडणी कामगारांची लहान पोरं उसावर झोपलेली असतात, हे लक्षात असू द्या.

रस्त्यात अपघात दिसला तर थांबा. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती काढून टाका. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात त्याला संरक्षण आहे, स्वतःचं नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

प्रश्न : गाडी परत केल्यावर महिन्यानं डिपॉझिटमधून दंड कापला. असं करता येतं? – एक वाचक, कराड

उत्तर : ई-चलन गाडीच्या मालकाच्या नावानं निघतं, त्यामुळे करारात तसं लिहिलेलं असेल तर येतं. पण चलनाची प्रत मागा. तारीख, वेळ आणि फोटो तुमच्या ताब्यातल्या दिवसांचा आहे का ते ताडून बघा. गाडी घेतानाच तिच्यावरची जुनी चलनं ऑनलाइन बघून स्क्रीनशॉट काढून ठेवला की पुढचा वाद टळतो.