वाचकांचे प्रश्न : छोट्या उजव्या पक्षाविषयी लिहिताना

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या वार्षिकांकात जुन्या राजकीय पक्षांवर टिपणं द्यायची आहेत. स्वतंत्र पक्षाच्या टिपणावरून समितीत जुंपली आहे. एकाने 'राजेरजवाडे आणि भांडवलदारांचा प्रतिगामी पक्ष' असं लिहिलं, तर दुसऱ्याने 'काळाच्या पुढे पाहणारे द्रष्टे'. कोणतं वाक्य ठेवावं? (एक वाचक, दादर)

दोन्ही काढा. पहिलं वाक्य त्या काळातल्या विरोधकांचं आहे, दुसरं १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतरच्या चाहत्यांचं. टिपणाच्या सुरुवातीला पक्ष कुणी, कधी आणि कशाच्या विरोधात काढला एवढंच यावं. उदाहरणार्थ : 'सहकारी शेतीचा काँग्रेसचा नागपूर ठराव आणि सरकारची परवाना-कोटा पद्धत यांना विरोध करत १९५९ मध्ये राजगोपालाचारी (राजाजी), मिनू मसानी, एन. जी. रंगा, कन्हैयालाल मुनशी आदींनी स्थापन केलेला पक्ष. १९७४ मध्ये भारतीय लोकदलात विलीन.' यात एकही विशेषण नाही, तरी पक्ष कोणत्या बाजूचा होता ते कळतं.

मग 'उजवा' म्हणावं की नाही? म्हणा, पण कोणत्या बाबतीत ते त्याच वाक्यात सांगा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. स्वतंत्र पक्ष अर्थकारणात उजवा होता : मालमत्तेचा हक्क, खासगी उद्योग, कमी कर, सरकारचा कमी हस्तक्षेप. परराष्ट्र धोरणात त्याचा कल पश्चिमेकडे होता आणि भारताच्या अलिप्ततेवर, म्हणजे कोणत्याही महासत्तेच्या गटात न जाण्यावर, त्याची टीका होती. पण भाषेच्या प्रश्नावर राजाजी हिंदीच्या सक्तीविरुद्ध उभे राहिले आणि जनसंघ हिंदीच्या बाजूने. दोघांना 'उजवे' म्हणून एका ओळीत बसवलं की हा फरक पुसला जातो. पक्षाच्या आतही एकसारखेपणा नव्हता. राजाजी धर्म आणि परंपरेच्या भाषेत बोलणारे. मसानी १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी, मुंबईचे माजी महापौर, पुढे उदारमतवादी झालेले. रंगा शेतकरी नेते. पक्षाची एकवीस मूलतत्त्वं होती आणि त्यांच्या बाहेरच्या प्रश्नांवर सदस्याला स्वतःचं मत ठेवायची मोकळीक होती. म्हणून एखाद्या नेत्याचं भाषण उचलून 'पक्षाची भूमिका' असं लिहू नका. आधी ते मूलतत्त्वांत किंवा जाहीरनाम्यात आहे का पाहा. नसेल तर 'राजाजींचं मत' एवढंच लिहा.

राजेरजवाड्यांचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. जयपूरच्या गायत्रीदेवी, रामगढचे राजे कामाख्या नारायण सिंह, ओडिशात आर. एन. सिंहदेव ही नावं गाळून टिपण होणार नाही. सिंहदेव तर १९६७ मध्ये मुख्यमंत्री झाले. पण गुजरातमध्ये पक्षाचा चेहरा होता भाईलालभाई पटेल, म्हणजे भाईकाका, आणि आधार होता जमीनवाल्या शेतकऱ्यांचा. तेव्हा 'राजांचा पक्ष' असं सरसकट न लिहिता प्रांत सांगा. राजांवर विसंबण्याची किंमतही टिपणात यावी. १९६२ मध्ये बिहार विधानसभेत पक्षाच्या ५० जागा आल्या त्या मुख्यतः रामगढच्या राजांच्या जोरावर. राजे पक्ष सोडून गेले आणि पुढच्या निवडणुकीत तिथे पक्ष नाममात्र उरला.

आणि हो, ऑगस्ट १९५९ मधलं पूर्वतयारीचं अधिवेशन मुंबईत झालं होतं. मुंबईच्या अंकात ही ओळ हवीच.

प्रश्न : याच पक्षाला 'किरकोळ पक्ष' म्हणणं चूक का? आकडे नक्की कसे द्यावेत? (डोंबिवली)

वर्ष न देता 'किरकोळ' म्हणणं चूक. लोकसभेत १९६२ मध्ये १८, १९६७ मध्ये ४४ आणि १९७१ मध्ये ८ जागा. १९६७ मध्ये हा लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता आणि गुजरात विधानसभेत १६८ पैकी ६६ जागा त्याच्याकडे होत्या. 'किरकोळ' हा शब्द १९७१ नंतरच्या पक्षाला शोभतो.

मतांच्या टक्केवारीत एक फसगत असते. १९६७ मध्ये पक्षाला देशभरात ८.६७ टक्के मतं मिळाली, पण त्याने ५२० पैकी १७८ जागाच लढवल्या होत्या. जिथे उमेदवारच नाही तिथली मतंही छेदात धरलेली असतात. त्यामुळे छोट्या पक्षाच्या बाबतीत लढवलेल्या जागा, जिंकलेल्या जागा आणि टक्केवारी हे तिन्ही आकडे एकत्र द्या. जनसंघाला त्या वर्षी मतं थोडी जास्त मिळाली, जागा मात्र ३५. नुसत्या टक्केवारीवरून मोठा-छोटा ठरवणारा माणूस इथे उलट निष्कर्ष काढेल.

प्रश्न : आजच्या एका छोट्या पक्षाची ओळख आमच्या वॉर्डाच्या पत्रिकेत द्यायची आहे. ते स्वतःला परंपरावादी आणि खुल्या बाजाराचे म्हणवतात, पण त्यांच्या घटनेत समाजवादाची शपथ आहे. मग ढोंगी म्हणायचं का? (विलेपार्ले)

नाही. ती शपथ त्यांनी आवडीने घेतलेली नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार १९८९ पासून नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाच्या घटनेत संविधान, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही यांच्याशी निष्ठेचं कलम लागतं. त्याशिवाय नोंदणीच होत नाही. मुंबईतल्या जुन्या स्वतंत्र पक्षीयांनी १९९० च्या दशकात या अटीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं आणि शेतकरी नेते शरद जोशींनी राज्यसभेत ती काढण्यासाठी खासगी विधेयक आणलं होतं. त्यामुळे घटनेतल्या त्या कलमावरून पक्षाचा विचार ठरवू नका, आणि त्यावरून टोमणाही मारू नका. विचार पाहायचा तर जाहीरनामा, सभागृहातलं मतदान आणि युती कुणाशी केली हे पाहा.

पक्षाचा दर्जाही नीट लिहा. 'मान्यता नाही' म्हणजे बेकायदा नव्हे. बहुतेक छोटे पक्ष 'नोंदणीकृत, अमान्यताप्राप्त' असतात. महाराष्ट्रात राज्य पक्षाची मान्यता मिळायचे मार्ग अनेक आहेत : विधानसभेला ६ टक्के वैध मतं आणि २ आमदार, किंवा ३ टक्के जागा, म्हणजे २८८ च्या सभागृहात ९, किंवा ८ टक्के मतं, मग आमदार एकही नसला तरी चालतं. महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याची पक्षनोंदणी वेगळी असते. म्हणून नगरसेवकांच्या आकड्यावरून वरच्या मान्यतेबद्दल काही लिहू नका.

'अनामत जप्त' हा शब्दही मोजून वापरा. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची अनामत जाते. पक्ष म्हणून कुणाची अनामत जात नसते. 'इतक्या उमेदवारांपैकी इतक्यांची' असं लिहा.

प्रश्न : स्वतंत्र पक्ष आणि शरद जोशींचा पक्ष एकच ना? (बोरिवली)

नाही. जोशींचा 'स्वतंत्र भारत पक्ष' १९९४ चा, शेतकरी संघटनेतून आलेला. विचारांचं नातं आहे, संघटनेचं नाही. '१९७४ मध्ये विलीन झालेला पक्ष १९९४ मध्ये पुन्हा सुरू झाला' असं वाक्य दिसलं तर खोडा.

प्रश्न : 'प्रतिगामी', 'कट्टर', 'अतिउजवा' असे शब्द अजिबात वापरू नयेत का? (ठाणे)

कुणी म्हटलं ते नावासह लिहिता येत असेल तर वापरा, नाहीतर पक्षाच्या ठरावाचा मजकूर द्या. छापण्याआधी मसुदा पक्षाच्या कार्यालयात पाठवला तर तारखा, पदं आणि नावं त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. टीकेचा परिच्छेद गाळायला सांगितलं तर गाळू नका, त्यांचं उत्तर मात्र दोन ओळींत खाली छापा. आणि टिपणाखाली 'माहिती अमुक महिन्यापर्यंतची' असं लिहायला विसरू नका. छोट्या पक्षातला एकुलता एक आमदार एका रात्रीत दुसरीकडे गेला की सगळं टिपण शिळं होतं.