सॉल्व्हंट उडून जातो, मग क्युरिंगशी त्याचा संबंध काय?

आपले पत्र मिळाले. रंग-उद्योगातील संशोधन विभागाच्या मुलाखतीत ‘सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रावक) शेवटी उडूनच जातो, मग पॉलियुरेथेनच्या क्युरिंगवर (लेप रासायनिक अभिक्रियेने पक्का होण्यावर) त्याचा परिणाम का व्हावा?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याला देता आले नाही आणि म्हणून, रसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात असताना, हे क्षेत्रच सोडावे का, असे आपण विचारले आहे. सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फॉर्म्युलेशनचे, म्हणजे रंगातील घटकांचे मिश्रण बेतण्याचे, काम कसे असते, हे या एकाच प्रश्नातून बरेचसे समजते.

दोन घटकांच्या पॉलियुरेथेन लेपात पॉलिऑल या रेझिनमधील हायड्रॉक्सिल गट आणि हार्डनर या दुसऱ्या घटकातील आयसोसायनेट गट यांच्या संयोगाने युरेथेन बंध तयार होतात. अभिक्रियेचा वेग दोन्ही गटांच्या संहतीवर अवलंबून असल्यामुळे, सॉल्व्हंट घालून दोन्ही संहती निम्म्या केल्या, तर आरंभीचा वेग ढोबळमानाने चौथ्या हिश्श्यावर येतो. शिवाय कीटोन आणि एस्टर हे हायड्रॉक्सिल गटाशी हायड्रोजन बंध जोडून त्याला काहीसे अडकवून ठेवतात. त्यामुळे त्यांच्यात ही अभिक्रिया टोल्युइन किंवा झायलीनपेक्षा सहसा मंद चालते.

थिनरमधील (लेप पातळ करण्यासाठी घातलेल्या सॉल्व्हंटमधील) पाणी तर थेट हार्डनरच खाते. पाण्याचा एक रेणू दोन आयसोसायनेट गट संपवतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो; म्हणजे 22 टक्के आयसोसायनेट असलेल्या हार्डनरपैकी सुमारे 21 ग्रॅम अवघ्या एका ग्रॅम पाण्यापायी वाया जातात, वर थरात बुडबुडे येतात ते वेगळेच. अल्कोहोल असलेला थिनर चालत नाही, कारण त्याचा एकच हायड्रॉक्सिल गट साखळी तिथेच खुंटवतो.

खरी गंमत मात्र सॉल्व्हंट उडून जाण्याच्या वेगात आहे. 77 अंश सेल्सिअसला उकळणारा इथाइल ॲसिटेट झपाट्याने निघून जातो आणि थर काचेसारखा कडक झाला की आत उरलेल्या गटांना एकमेकांपर्यंत पोहोचता येत नाही, त्यामुळे लेप हाताला वाळलेला वाटला तरी क्युरिंग अपुरे राहते. याउलट, थोडा रेंगाळणारा सॉल्व्हंट गटांना हालचालीस वाव देतो. पण तो फार काळ अडकून राहिला, तर लेप मऊच राहतो. म्हणूनच एकच सॉल्व्हंट न वापरता जलद आणि सावकाश उडणाऱ्यांचे मिश्रण बेतावे लागते.

या कामासाठी भौतिक रसायनशास्त्रातील अभिक्रियागतिकी (अभिक्रियांच्या वेगाचा अभ्यास) आणि विसरण (रेणूंचे पसरणे) पक्के करावे व पुढे पॉलिमर किंवा पृष्ठलेपन तंत्रज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. अल्प मुदतीच्या प्रमाणपत्रांमागे धावण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. दरम्यान, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली आणि घातक वाफा खेचून घेणाऱ्या फ्यूम हुडमध्येच (आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो) एक छोटा प्रकल्प करावा: तेच रेझिन, तोच हार्डनर, दोन वेगळे सॉल्व्हंट, आणि इन्फ्रारेड वर्णपटात 2270 प्रति सेंटीमीटरच्या (cm⁻¹) आसपास दिसणारे आयसोसायनेटचे शिखर कोणत्या नमुन्यात किती वेगाने उतरते, याची नोंद. पुढच्या मुलाखतीला जाताना तो आलेख सोबत न्यावा.